धोटा, रापी आणि वाळूचं घड्याळ : स्कॉटलंडमधल्या जुन्या कबरी वाचायच्या कशा?

अँगस परगण्यातल्या एका खेड्यात, चर्चच्या मागे, एका शिळेसमोर मी दोनदा उभी राहिले. पहिल्यांदा जूनमध्ये, भर दुपारी. करडा दगड, त्यावर शेवाळ, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, दुपारी अडीचला. ऊन इतकं तिरपं होतं की माझीच सावली चर्चच्या भिंतीपर्यंत गेली होती. त्याच शिळेवर तेव्हा एक बिबट्याचं तोंड वर आलं होतं आणि त्या तोंडात काहीतरी आडवं धरलेलं होतं. आधी वाटलं मासा. मग हाड. पाच मिनिटांनी ट्यूब पेटली : धोटा, मागावर आडवा धागा नेणारा! माझं आजोळ इचलकरंजीचं. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये कांडीसाठी खाच असलेला तो लाकडी तुकडा मी लहानपणी होडी म्हणून पाण्यात सोडायचे. आणि इथे तो अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका स्कॉटिश विणकराच्या कबरीवर बिबट्याच्या जबड्यात होता.

त्या दिवसापासून या शिळांचा नाद लागला. शिकायला किंवा नोकरीला इथे आलेल्या, सुट्टीच्या दिवशी काय बघावं हे न कळणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत, एवढीच इच्छा. एक गोष्ट आधीच सांगते : ज्यांनी गावाकडे सुतारशाळा, माग, नांगर, जातं जवळून पाहिलंय, त्यांना ह्या शिळा फार लवकर वाचता येतात.

१. आधी जागा आणि काळ ठरवा

कुठल्याही दफनभूमीत गेलात तर हे दिसेलच असं नाही. तुम्हाला हव्या आहेत साधारण १६०० ते १८०० या काळातल्या शिळा. त्यानंतर रुमाल पांघरलेले कलश, तुटके खांब, हातात हात अशी कोरीवकामं येतात. ती देखणी असतात, पण त्यांत माणसाचा धंदा क्वचितच सापडतो.

हा काळच का? १५६० मध्ये स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं. नव्या चर्चने देवळाच्या आत पुरायला मनाई केली, त्यामुळे ऐपतदार माणसंही हळूहळू बाहेर, आवारात आली. क्रूस आणि संतांच्या मूर्ती म्हणजे मूर्तिपूजा, म्हणून त्याही नकोत. मग मोकळ्या राहिलेल्या दगडावर कोरायचं काय? कवट्या, वाळूची घड्याळं आणि हत्यारं. पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हतं. पण कात्री शिंप्याची आणि घण लोहाराचा, हे कुणालाही कळत होतं.

सुरुवातीला या तीन जागा पुरे :

डंडीतला 'हाउफ'. भर शहरात, भिंतीच्या आत. स्कॉटलंडच्या मेरी राणीने १५६४ मध्ये ही जागा गावाला दफनासाठी दिली. त्याआधी ती फ्रान्सिस्कन मठाची होती. 'हाउफ' म्हणजे स्कॉट्स बोलीत भेटायची जागा, बैठक. डंडीतल्या नऊ धंद्यांचे संघ इथेच, थडग्यांमध्ये, आपल्या सभा भरवत : भटारी, जोडे शिवणारे, हातमोजे करणारे, शिंपी, टोप्या विणणारे, खाटीक, लोखंडकाम करणारे, विणकर आणि रंगारी. त्यामुळे धंद्याच्या खुणा शोधायला याहून चांगली शाळा नाही.

एडिंबराचं ग्रेफ्रायर्स. भिंतीला टेकलेली मोठाली स्मारकं, भरपूर कवट्या. पण मालकाच्या कबरीपाशी बसून राहिलेल्या एका कुत्र्याच्या गोष्टीपायी इथे कायम गर्दी असते. सकाळी लवकर जा.

स्टर्लिंगचं होली रूड. किल्ल्याच्या खालच्या अंगाला. व्यापाऱ्यांच्या खुणांसाठी जा. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

हात बसला की मग अँगस, पर्थशर आणि लोदियन भागातल्या खेड्यांकडे वळा. खरा खजिना तिथे आहे. रविवारी बस जेमतेम असतात. परतीची वेळ बघूनच निघा.

२. वेळ घड्याळावर नाही, उन्हावर ठरवा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. झिजलेलं कोरीवकाम समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही. उजेड बाजूने, दगडाला घासत गेला पाहिजे. एडिंबरा-डंडीकडे डिसेंबरात ऐन दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो, आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. आपण या हिवाळ्याला शिव्या घालतो, पण शिळा वाचायला याच्यासारखा उजेड नाही.

बहुतेक शिळा पूर्व-पश्चिम तोंड करून उभ्या असतात, कारण मृताचे पाय पूर्वेला ठेवायची रीत. म्हणजे दोन्ही बाजूंना तिरपा उजेड साधारण माध्यान्हीच्या सुमारास मिळतो, सूर्य दक्षिणेला शिळेच्या कडेशी असताना. जूनमध्ये त्या वेळी सूर्य बराच वर असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तो खाली असतो. म्हणून हेच महिने धरा.

आणि शिळेच्या मागे जा. हे मी पहिले तीन महिने केलंच नाही! इथे पुष्कळदा एका बाजूला अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला सगळी चित्रं असतात.

३. पिशवीत काय हवं

टॉर्च, शक्य तितका प्रखर. ढगाळ दिवशी शिळेच्या कडेला धरून उजेड आडवा सोडायचा.
एक हलका आरसा, साधारण वहीएवढा. ऊन पलीकडे पडत असेल तर ते आरशाने वळवून शिळेवर घ्यायचं. जोडीला कुणी असेल तर बरं : एक आरसा धरतो, एक फोटो काढतो.
वही आणि पेन्सिल. पावसात शाईचं काय होतं ते सांगायला नको.
गुडघ्याखाली घ्यायला प्लॅस्टिकची गोणी. शिळेच्या तळाशी कोरलेलं बघायला बसावंच लागतं.
उन्हाळ्यात पूर्ण पायघोळ पँट, मोज्यात खोचलेली. उंच गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर पाय तपासा.

नुसतं बघायला आणि फोटो काढायला साधारणपणे कसली परवानगी, कसलं कागदपत्र लागत नाही. चर्चची आवारं १९२५ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलांकडे गेली आहेत. मात्र पडलेली शिळा उलटायची, माती उकरायची, गवताखालची शिळा उघडी करायची, यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका. काही आवारं संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे असं करणं गुन्हा ठरतो.

४. शिळेला हात लावण्याआधी

दगड दिसला की घासायचा, ही आपली सवय. मीही केलं. ओला टूथब्रश घेऊन शेवाळ काढायला बसले, आणि नखाएवढा पापुद्रा, त्यावरच्या अर्ध्या अक्षरासकट, माझ्या हातात आला. वाळूचा दगड आतून थराथरांनी सुटलेला असतो. वरून घट्ट दिसतो इतकंच. अडीचशे हिवाळे टिकलेलं ते अक्षर माझ्यामुळे गेलं. तो तुकडा कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी शिळेच्या पायाशी ठेवून आले.

तर : ब्रश नाही, खडू नाही, पीठ नाही, दाढीचा फेस नाही, ब्लीच तर नाहीच. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेणंही टाळा. आरसा आणि टॉर्च एवढ्यात सगळं होतं.

दुसरं, शिळेला टेकू नका आणि मुलांना तिच्यावर चढू देऊ नका. २०१५ मध्ये ग्लासगोत एका शिळेखाली सापडून आठ वर्षांचा मुलगा गेला. झुकलेली शिळा दिसली तर तिच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर उभं राहा.

५. मरणाच्या खुणा आणि धंद्याच्या खुणा वेगळ्या काढा

नवखा माणूस इथेच घसरतो. शिळेवर दिसणाऱ्या वस्तूंचे ढोबळ तीन गट करा.

पहिला, मरणाचा : कवटी, फुलीसारखी दोन हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, बाण, कोयता, हातघंटा. घंटा का, तर गावात कुणी गेलं की चर्चचा सेवक घंटा वाजवत ती बातमी सांगत फिरे. सोबत लॅटिनमध्ये 'मेमेंतो मोरी', म्हणजे मरण लक्षात ठेव, किंवा 'फुगित होरा', वेळ पळतेय.

दुसरा, पलीकडच्या जगाचा : पंख असलेलं गोल गुबगुबीत तोंड. हा वर जाणारा आत्मा. तुतारी फुंकणारा देवदूत म्हणजे शेवटच्या निवाड्याची हाक. मुकुट, स्वर्गातल्या गौरवाचा.

तिसरा, धंद्याचा.

आता सापळे. कवटी आणि हाडं दिसली म्हणजे समुद्री चाचा पुरलेला नाही, की प्लेगने मेलेलाही नाही. धर्मभीरू वाण्याच्या कबरीवरही तीच असतात. पंखवालं बाळसेदार तोंड म्हणजे लहान मुलाची कबर नव्हे. फावडं आणि कुदळ एकमेकांवर आडवी, शेजारी कवटी, असं असेल तर तो माळी नाही. ती थडगं खणणाऱ्याची अवजारं, म्हणजे पुन्हा मरणच. माळ्याच्या शिळेवर फावड्यासोबत बहुधा दाताळंही असतं. नांगर म्हणजे जहाजाचा नांगर एकटाच असेल तर तो 'आशा' या अर्थानेही येतो. खलाशी म्हणण्याआधी जहाज किंवा दिशा मोजायचं यंत्र शोधा. तराजूचंही तसंच, निवाड्याचा किंवा दुकानदाराचा.

मी एक साधा नियम पाळते : एकच वस्तू असेल तर प्रश्नचिन्ह, एकाच धंद्याच्या दोन वस्तू असतील तरच नाव लिहायचं.

६. हत्यारं ओळखा

इथे थोडं थांबू, कारण सगळी मजा इथेच आहे.

हातोडा आणि त्यावर मुकुट : हे राजाचं काही नव्हे. ही 'हॅमरमेन' संघाची खूण. त्या संघात लोहार तर होतेच, पण खोगीर करणारे, शिलेदारांची चिलखतं करणारे, कथील-शिशाची भांडी करणारेही असत. म्हणून 'लोहार' असं लिहून मोकळं होऊ नका. घोड्याचा नाल किंवा सांडशी सोबत असेल तर ठीक.

अर्धचंद्रासारखं पातं, वर मुकुट : चांभाराची रापी. मी तीन वेगवेगळ्या इंग्रजी माणसांना हे पातं दाखवलं. एकाला ती चंद्रकोर वाटली, एकाला तुर्की निशाण. आपल्याकडे चांभाराच्या दुकानापुढे पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या पोरालाही रापी कळेल.

कात्री आणि जड इस्त्री : शिंपी. इस्त्री बहुधा नुसती एक पाचर आणि वर दांडी अशी कोरलेली असते, त्यामुळे बुटासारखी दिसते. शेजारी कात्री असेल तर बूट नाही.

धोटा : विणकर. बिबट्याचं तोंड त्यांच्या संघाच्या चिन्हातलं आहे, तीन बिबटे आणि प्रत्येकाच्या तोंडात धोटा. खेड्यातला पाथरवट बिबट्या कुठे पाहणार? त्याने मांजर कोरलंय, कधी मिशीवाला म्हातारा. बिचकू नका, तोंडात काय आहे ते बघा.

लांब दांड्याची सपाट फळी, तिच्यावर गोल चकत्या : भटारी. इराण्याच्या बेकरीत भट्टीतून पाव काढताना पाहिलं असेल, तीच ही.

सत्तूर, सुरा आणि धार लावायची सळई : खाटीक.

काटकोन्या, कंपास, सोबत कुऱ्हाड : सुतार. काटकोन्या, कंपास, सोबत मोगरी-छिन्नी : पाथरवट. नुसतेच काटकोन्या आणि कंपास : थांबा. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींनीही हीच खूण घेतली आहे. सोबतचं हत्यार सापडेपर्यंत निकाल देऊ नका.

फाळ : शेतकरी. फाळ आपण लगेच ओळखतो, पण त्याच्याबरोबर एक लांब सुरीसारखं पातं असतं आणि तिथे मी हमखास चुकायचे. मला ती तलवार वाटे, आणि शेतकऱ्याला मी सैनिक करून टाकी. नांगराच्या पुढे जमीन उभी चिरत जाणारं ते पातं, त्याला कोल्टर म्हणतात. आपल्या लाकडी नांगराला ते नसतं, म्हणून आपल्या डोळ्यांना ते ठाऊक नाही. फाळ आणि तलवार शेजारी दिसली की समजा, तो नांगर आहे. कधी जोडीला बैलांचं जूही असतं.

चार पायांच्या कोळ्यासारखी किंवा दोन कोयऱ्या पाठीला पाठ लावाव्यात तशी आकृती : गिरणीवाला. मला हे कोडं महिनाभर सुटेना. नक्षी म्हणून सोडून दिलं होतं. मग एकदा आईशी फोनवर बोलताना ती आजीच्या जात्याबद्दल सांगत होती : वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली माकडी मोडली आणि गावात नवी करून देणारा उरला नाही. माकडी! वरच्या तळीला खुंट्यावर तोलून धरणारा तो तुकडा. इथल्या पवनचक्क्या-पाणचक्क्यांत तो लोखंडी असे, आणि तीच गिरणीवाल्याची खूण. सोबत दगडाला टाकी लावायची टोकदार हातोडी असली की शंकाच नाही.

इंग्रजी चारचा आकडा, कधी उलटा, खाली रेघा आणि आद्याक्षरं : हा आकडा नाही. ही व्यापाऱ्याची खूण, गाठोड्यांवर आणि पेट्यांवर उमटवायची. प्रत्येकाची थोडी वेगळी, म्हणजे हमालाला अक्षरओळख नसली तरी माल कुणाचा ते कळावं. होली रूडमध्ये शोधा, उलटे चारही सापडतील.

७. आता अक्षरं

चित्रं आधी, अक्षरं नंतर, असाच क्रम ठेवा. अक्षरं वाचायला लागलात की डोळे चित्रं बघत नाहीत.

शब्द ओळीच्या शेवटी कुठेही तुटतो, जोडरेघ नसते. दोन अक्षरं एकमेकांत अडकवून कोरतात. 'ये' (ye) असं दिसतं ते खरं तर 'द' (the); जुन्या अक्षराची जागा वायने घेतली आहे. 'रेलिक्ट' म्हणजे अवशेष नव्हे, मागे राहिलेली विधवा. 'लेअर' म्हणजे दफनाची मालकीची जागा.

आद्याक्षरांच्या दोन जोड्या असतील, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, तर ते नवरा-बायको. दोघांची आडनावं वेगळी दिसली म्हणून गोंधळू नका. स्कॉटलंडमध्ये त्या काळी लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव शिळेवर राहायचं. मला हे कळलं तेव्हा मी पाहिलेल्या सगळ्या शिळा पुन्हा बघाव्याशा वाटल्या.

शिळेवरचं मोठ्या आकड्यातलं साल म्हणजे मृत्यूचं साल असेलच असं नाही. जागा विकत घेतली, शिळा उभारली, त्याचंही साल असू शकतं. मालक पुढे वीस वर्षं ठणठणीत. शिवाय शिळा पुन्हा वापरल्या जात. वरचं नाव नातवाचं आणि धोटा आजोबांचा, हेही होतं. अक्षरांची घडण वर आणि खाली वेगळी आहे का, ते बघा.

८. कागदाशी ताडून बघा

हे ऐच्छिक आहे, पण एकदा तरी करा. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे पडत नाहीत. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. आपल्या शिळा त्याआधीच्या, म्हणून जुन्या पॅरिश, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चच्या, नोंदवह्या बघायच्या. सूची फुकट शोधता येते, पानाच्या प्रतिमेला पैसे मोजावे लागतात. आधी सूचीतच नीट शोधा.

नवख्यांची चूक ही की ते थेट मृत्यूची नोंद शोधतात, आणि ती बहुतेकदा नसतेच. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधा, तिथे कधी कधी बापाचा धंदा लिहिलेला असतो. दुसरी युक्ती : शवपेटीवर घालायचं मखमली कापड चर्च किंवा धंद्याचा संघ भाड्याने देई, आणि त्या भाड्याची नोंद हिशेबात सापडते. माणूस गेल्याचा तेवढाच कागदी पुरावा उरलेला, असंही असतं.

माझा विणकर मात्र नोंदींत सापडला नाही. त्याच नावाचे तिघे आहेत, तिघेही त्याच गावचे.

९. नोंद ठेवा, तुमच्या शब्दांत

शिळेचा पूर्ण फोटो, दोन्ही बाजूंचा. मग प्रत्येक चित्राचा जवळून. वहीत आवाराचा कच्चा नकाशा आणि शिळेची जागा. 'झाडाजवळ' असं लिहू नका, झाडं तोडतात. हत्याराचं नाव जे पहिलं सुचेल ते मराठीत लिहून टाका, इंग्रजी शब्द घरी येऊन शोधता येतो.

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यात स्थानिक हौशी मंडळी शिळांची यादी करत होती, त्यांच्यात मीही होते. माझ्याबरोबर एक निवृत्त गृहस्थ होते, आजोबांच्या वयाचे. माझ्या वहीच्या समासात देवनागरीत लिहिलेलं बघून त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, माकडी. जातं काय असतं ते हातवारे करून सांगितलं, दोन तळव्यांची तळी करून. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. मग आपल्या छापील तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून मला पेन्सिल दिली : इथे लिही, तुझ्याच लिपीत.